मीडियम वेव्हवरची बायको

सकाळबाईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं गावात कोणी उरलं नव्हतं. रेडिओ केंद्राचं सकाळचं प्रसारण त्या सुरू करायच्या, म्हणून सकाळबाई. दुकानात जाऊन त्यांनी "किलोभर साखर द्या" म्हटलं, की दुकानदार मान वर न करता म्हणायचा, "काय सकाळबाई, आज संध्याकाळच्या कशा उगवलात?" हा विनोद तो गृहस्थ वर्षानुवर्षं करत होता आणि दर वेळी त्यावर स्वतःच हसत होता. बाईही हसायच्या. तोंड उघडेपर्यंत आपल्याला कोणी ओळखत नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

पण घरातही तसंच व्हावं, म्हणजे कमालच झाली की नाही?

बाईंचे यजमान त्याच केंद्राच्या ट्रान्समीटरवर होते. स्टुडिओ गावात आणि ट्रान्समीटर गावाबाहेर, मोकळ्या मैदानात, एका उंच लोखंडी मनोऱ्याच्या पायथ्याशी. स्टुडिओत बोललेलं तारेवरून तिथे जायचं, आणि तिथून मनोऱ्यावर चढून मीडियम वेव्हनं हवेत. दोघांच्या पाळ्या मधले काही तास एकत्र यायच्या, एरवी त्या घरी असल्या की हे कामावर, आणि हे घरी असले की त्या माइकसमोर. बोलायचं बाईंनी आणि ऐकायचं यजमानांनी, असा संसार झाला. "आमच्या ह्यांनी माझा शब्दन् शब्द ऐकला हो," बाई सांगायच्या, "पगारच त्याचा मिळायचा त्यांना!"

स्टुडिओतून ट्रान्समीटरला थेट जोडलेला एक फोन होता, कामापुरता. पाळी संपवून उठताना बाई तो उचलायच्या आणि म्हणायच्या, "निघते मी. घरी येते." तिकडून "हं" यायचं. चार माणसांत अजून काय बोलणार? पण त्या "हं"वर बाईंनी तरुणपण काढलं, मुलीला वाढवलं, मुलीचं लग्न केलं. आणि कधीही, अगदी कडाक्याचं भांडण झालं असलं तरी, तो फोन न करता त्या उठल्या नाहीत.

यजमान निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांची आठवण विरत गेली. आधी किल्ल्या हरवल्या, मग घराकडे वळायची गल्ली, मग लेकीचं नाव. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडापुढे धरला आणि हे असंच वाढत जाणार म्हणाले. एका सकाळी बाईंनी चहा पुढे ठेवला, तर यजमान अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही घेतलात का?"

त्यांची समजूत अशी झाली होती, की आपलं सगळं करायला ही कोणी बाई ठेवलेली आहे. आणि बाईशी वागणं किती सभ्य! जेवलात का, दमलात का, तुमच्या घरी कोण कोण असतं. "नवरा होते तेव्हा कधी विचारलं नव्हतं हो यातलं काही," बाई शेजारच्या काकूंना म्हणाल्या. आधी हसल्या आणि मग त्यांना रडू आवरेना.

बाई केंद्रावर गेल्या, की या काकू येऊन यजमानांजवळ बसायच्या. त्यांनीच एक दिवस सांगितलं, "अगं, तुझा आवाज लागला ना रेडिओवर, की हे ताठ बसतात. मला म्हणतात, आमची ही बोलतेय. नावानिशी सांगतात!"

जिवंत बायको समोर ताट वाढतेय तर ती बाई, आणि खोक्यातून बोलतेय ती बायको. देवा रे देवा! पण बाईंनी तेवढ्यावर समाधान मानलं. कुठेतरी आहोत ना आपण त्यांच्या लेखी, मग रेडिओत तर रेडिओत. फक्त एकच चुटपुट होती. ते आपल्याला ओळखतात ती वेळ नेमकी आपल्या ड्युटीची. तो ओळखीचा चेहरा बाईंनी कधी पाहिलाच नव्हता, काकूंच्या तोंडून ऐकला होता.

अशात केंद्र बंद होणार अशी आवई उठली.

कोणी उठवली ते विचारू नका. वर्तमानपत्रात काही आलं नव्हतं, साहेब काही बोलले नव्हते. बातमी कॅन्टीनमध्ये उगवली आणि तिला खतपाणी घातलं ते जुन्या ध्वनिफितींचं कपाट सांभाळणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांना सगळे वेधशाळा म्हणायचे. अंदाज वर्तवणं हा त्यांचा छंद, आणि तो सपशेल चुकला तरी त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

"साहेबांच्या खोलीला नवे पडदे लागले," वेधशाळा कपात फुंकर मारत सांगायचे. "बंद करायचं असतं तर पडदे कशाला घेतले असते? निश्चिंत राहा."

पुढच्या आठवड्यात तेच वेधशाळा तोंड पाडून यायचे. "मैदानात दोन माणसं फीत घेऊन फिरत होती. जमीन मोजतायत. संपलं सगळं. उद्या तिथे फ्लॅट उठतील."

मग कोणी म्हणायचं, खेळाच्या सामन्यांसाठी ठेवतील. कोणी म्हणायचं, फोनवर ऐकता येईल असं काहीतरी करणार आहेत. एकदा तर परदेशातली कुठलीशी संस्था केंद्र विकत घेणार म्हणून दोन दिवस सगळे इस्त्रीचे कपडे घालून आले. केंद्र काही आजकालचं नव्हतं. महापुरात कुठला पूल वाहून गेला आणि कुठला उरला, ते लोकांनी इथूनच ऐकलं होतं. लढाई संपल्याचं इथूनच कळलं होतं. एवढं जुनं केंद्र असं कसं बंद करतील, असं जो तो म्हणायचा. मात्र घरी जाऊन रेडिओ लावायचा नाही, हेही खरंच. अहो, लावणार कशावर? निम्म्यांच्या घरात रेडिओच नव्हता.

इतरांना घोर होता बदलीचा, नोकरीचा. बाई एवढंच विचारायच्या, "मीडियम वेव्ह राहील ना?"

"तुमचं काय अडतंय?" वेधशाळा म्हणायचे. "तुम्हाला एफएमवर घेतील की. आवाज कसा स्वच्छ जाईल."

स्वच्छ आवाज घेऊन काय चाटायचाय, असं बाईंच्या अगदी ओठांवर यायचं. कारण तो प्रयोग घरात होऊन गेला होता. लेक माहेरी आली होती, तेव्हा तिनं आईचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि वडिलांच्या कानाशी धरलं. "बाबा, ऐका, आई!" बाबांनी मन लावून ऐकलं. "छान बोलतात," ते म्हणाले. "कोण ह्या?" मग एफएमवर बाईंचा एक कार्यक्रम लागला होता, तो ऐकवला. त्याचीही तीच गत. मीडियम वेव्हवर आवाजाची वरची धार बोथट होते आणि खालून बारीकशी घुंई चालू राहते. यजमानांनी जन्मभर बायको ऐकली ती त्या घुंईसकट. तेवढी घुंई काढली, की बाई परक्या.

न राहवून बाई साहेबांकडे गेल्या. साहेब भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"बाई, तुम्ही मला विचारताय," ते म्हणाले, "पण मला तरी कोण काय सांगतंय? मी आपला येता-जाता वेधशाळेलाच विचारतो."

"मग आम्ही कोणाचं दार ठोठावायचं, साहेब?"

"वर कळवतो," साहेब म्हणाले. वर म्हणजे कुठे, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ट्रान्समीटरवर आता जो इंजिनिअर होता तो यजमानांच्या हाताखाली शिकलेला. बाईंना वहिनी म्हणायचा. त्याच्या कानावर सगळं गेलं तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, एक दिवस तुमचं आधीच रेकॉर्ड करून लावू. मीडियम वेव्हवरूनच जाईल. तुम्ही रजा टाका आणि घरी बसून बघा."

"उद्याचं हवामान आज कसं सांगू?"

"कोरडं राहील म्हणून ठोकून द्या," मागून वेधशाळा म्हणाले. "चुकलं तर माझ्या नावावर घाला. तिथे एकाची भर पडून काही बिघडत नाही."

त्या सकाळी बाई घरी थांबल्या. यजमानांनी अंघोळ करून भांग पाडला होता. रेडिओ तापला, घुंई सुरू झाली, आणि बाईंचा आवाज म्हणाला, "नमस्कार. सकाळचं प्रसारण आता सुरू होत आहे."

यजमानांचा चेहरा उजळला. खोटं नाही. कपाळावरच्या आठ्या गेल्या, भिरभिरणारे डोळे जागेवर आले, आणि ते रेडिओकडे झुकून म्हणाले, "आलीस?"

बाईंनी यजमानांचा हात धरला. "अहो, मीच ती. इकडे बघा ना. मीच बोलतेय."

यजमानांनी ओठांवर बोट ठेवलं. "थांबा हो बाई. ती बोलतेय."

हवामान झालं, बाजारभाव झाले. यजमान मधेच बाईंकडे वळून कौतुकानं म्हणाले, "कसा आहे आवाज?"

"छान आहे," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? स्वतःचाच हेवा वाटायची वेळ वैरिणीवरही येऊ नये. पण चेहरा तर बघायला मिळाला. त्या दिवसापासून बाई माइकसमोर बसल्या, की तो चेहरा डोळ्यांपुढे आणून बोलायच्या. त्यांचं काम इतकं छान होऊ लागलं, की वेधशाळा म्हणाले, बढतीची चिन्हं आहेत.

आणि मग एक दिवस मनोऱ्याला रंग लागायला सुरुवात झाली. माणसं दोर बांधून वर चढली आणि लाल-पांढरे पट्टे उतरत उतरत खाली आले. वेधशाळांनी कॅन्टीनमध्ये टेबलावर थाप मारली. "लिहून घ्या! मरणाऱ्याला कोणी नवे कपडे शिवत नाही." त्या दिवशी सगळ्यांना चहा फुकट. बाई घरी जाताना वाट वाकडी करून मैदानाकडे गेल्या, कुंपणापाशी उभ्या राहिल्या, मनोऱ्याकडे मान वर करून बघत राहिल्या. कितीतरी महिन्यांनी त्या दिवशी त्यांना पोटभर जेवण गेलं.

महिना सरता सरता वेधशाळा धापा टाकत स्टुडिओच्या दारात आले. "सकाळबाई! केंद्र वाचलं! मी म्हटलं नव्हतं?"

"काय सांगता!"

"कागद आला वरून. इमारतीला हातसुद्धा लावणार नाहीत. ऐतिहासिक म्हणून जपणार. खाली संग्रहालय, वर एफएम. तुमचा माइक काचेच्या पेटीत ठेवणार आहेत, नावाच्या पाटीसकट!"

बाईंनी विचारलं, "आणि मीडियम वेव्ह?"

"ते होय?" वेधशाळा जरा खाली बघत म्हणाले. "ते बंद. सुटे भाग मिळत नाहीत म्हणे. मनोरा उतरवणार."

"मग रंग कशाला दिला हो?"

"उभा आहे तोवर द्यावाच लागतो. विमानांना दिसायला."

बाहेर लोक एकमेकांचे हात हातात घेत होते, केंद्र वाचलं, केंद्र वाचलं. त्यांच्यातल्या कोणाचं काही चुकत नव्हतं, भांडायचं तरी कोणाशी? बाई पर्स उचलून घरी गेल्या आणि दुसरे दिवशी पुन्हा कामावर आल्या. शेवटचा दिवस ठरेपर्यंत रोज आल्या.

शेवटचं प्रसारण दुपारचं होतं. निरोपाचं निवेदन सकाळबाईंनीच वाचावं, असं ठरलं. वरून आलेला मजकूर होता, श्रोत्यांचे आभार, वैभवशाली परंपरा, नव्या युगाचं स्वागत वगैरे. काचेपलीकडे साहेब उभे होते, वेधशाळा रुमाल घेऊन तयार होते. घरी काकू यजमानांना घेऊन रेडिओजवळ बसल्या होत्या. बाईंनी कागद वाचला. आवाज कुठे कापला नाही. नोकरीच तसली.

वाचून संपलं आणि उठता उठता त्यांचा हात सवयीनं फोनकडे गेला. फोन जागेवर नव्हता. संग्रहालयासाठी सकाळीच काढून नेला होता. भिंतीवर नुसता चौकोनी डाग उरला होता. माइकवरचा लाल दिवा अजून चालू होता. बाई वाकल्या आणि माइकमध्येच म्हणाल्या, "निघते मी. घरी येते."

दिवा विझला. काचेपलीकडे वेधशाळा ढसाढसा रडत होते. "काय शेवट केलात हो सकाळबाई! सगळ्या श्रोत्यांच्या घरी गेलात!" दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातही तसंच छापून आलं.

बाई मात्र सत्काराला थांबल्या नाहीत. भराभरा चालत घरी निघाल्या. वेडी आशा म्हणतात ना, तीच. आजवर इतक्या वेळा त्या "घरी येते" म्हणाल्या आणि घरी आल्या. आजही येतायत. दारातून आत पाऊल टाकलं, की ते वर बघतील आणि म्हणतील, "आलीस?"

यजमान दारातच बसले होते. खुर्ची स्वतः ओढत आणली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. मागे काकू पदरानं डोळे पुसत उभ्या. बाईंना बघून यजमानांना खरंच बरं वाटलं.

"बरं झालं आलात, बाई," ते म्हणाले. "जरा घर आवरून घ्या. ही येतेय."

"कोण येतेय?"

"आमची ही. आत्ताच म्हणाली, निघते. आता पोचेलच."

"अहो, आले मी," बाई म्हणाल्या. खुर्चीपुढे खालीच बसल्या. "मीच म्हणाले होते. बघा, आले."

"आलात ते उत्तमच झालं," यजमान समजुतीनं म्हणाले आणि बाईंच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघू लागले.

त्या दिवसापासून खुर्ची दारातच राहिली. रस्त्यावर चप्पल वाजली, की यजमान अर्धे उठायचे. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "तिला येऊ द्या." लेक फोनवर चिडली आणि रडली. "आई, असं कशाला बोललीस गं तू?" कशाला बोलले? सांगणार काय? जन्माची सवय, तोंडातून गेलं. आणि गेलेलं परत घ्यायला आता केंद्र नव्हतं.

एके दिवशी इंजिनिअर एक लहानसं खोकं घेऊन आला. बरेच दिवस खपून त्यानं ते बनवलं होतं. जुन्या फिती त्यातून लावल्या, की घरातल्या रेडिओवर हुबेहूब मीडियम वेव्हसारख्या ऐकू यायच्या, घुंईसकट. "आता काळजी नाही, वहिनी," तो उत्साहानं म्हणाला, "सर रोज ऐकतील." घुंई सुरू झाली. "नमस्कार. सकाळचं प्रसारण आता सुरू होत आहे."

यजमानांनी मान वळवली. चेहरा तोच झाला, बाईंनी एकदा पाहिलेला. "हो," ते म्हणाले, "तीच आहे." बाईंनी तोंडावर पदर धरला.

"पण हे जुनं आहे," यजमान इंजिनिअरला म्हणाले. "ती आता रेडिओवर नसते. तिथून निघालीय ती. बंद करा ते, तिनं दार वाजवलं तर ऐकू यायचं नाही."

इंजिनिअरनं खोकं बंद केलं. मग हळूच म्हणाला, "वहिनी, नवीन रेकॉर्ड करू या का? तुम्हीच सांगा त्यांना काहीतरी."

"काय सांगू?" बाई म्हणाल्या. "येत नाही म्हणून सांगू? माझ्याच तोंडानं?"

इंजिनिअरनं तारा गुंडाळल्या आणि तो गेला. ऊन उतरत आलं. यजमानांनी बाईंकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही निघा आता. तुमच्याही घरी वाट बघत असतील. ही येईपर्यंत मी आहे."

बाईंनी नाही म्हटलं नाही. उठल्या, चेहरा धुतला, केस नीट केले, कामावर जाताना घ्यायच्या ती पर्स खांद्याला लावली आणि यजमानांच्या खुर्चीशेजारून बाहेर पडल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या. थोडं थांबून मागे फिरल्या आणि स्टुडिओतून यायच्या तशा भरभर चालत घराशी आल्या. चप्पल वाजली तसे यजमान खुर्चीतून अर्धे उठले. बाई दारात उभ्या राहिल्या. यजमानांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"काय हो बाई," ते परत खाली बसत म्हणाले, "काही विसरलात का?"

"हो," बाई म्हणाल्या. "पर्स राहिली होती."

पर्स खांद्यालाच होती. त्या आत गेल्या आणि स्वयंपाकाला लागल्या. दारातून यजमानांचा आवाज आला, "तिघांचं करा हो. ती येईलच आता."